व्हरांड्यातली खुर्ची

रेशन दुकानातल्या मशीनला विजयश्रीताई ओळखू येत नाहीत. आधी उजवा अंगठा, मग डावा, मग एकेक करून सगळी बोटं. दुकानदार म्हणतो, "बाई, जरा साबणानं धुऊन या."

"घासून आलेय, दादा. आता दाखवायला बोटंच संपली."

मागची रांग हसते. बावीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी गाड्यांच्या वायरी जुळवल्या. वायरींचा जुडगा बांधायचा, टोकाला कनेक्टर बसवायचा, अंगठ्यानं दाबायचा, 'टक्' आवाज आला की पुढचा. त्या टक् टक् मध्ये अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेल्या. हा किस्सा त्या रंगवून सांगतात, दुकानदाराचा आवाज काढून सांगतात. सांगून झालं की जराशा थांबून स्वतःच्या बोटांकडे बघतात. मशीन चुकीचं बोलत नसेल ना, असं काहीतरी तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

माझी त्यांची ओळख कुरुळीतल्या शाळेच्या एका खोलीतली. दर रविवारी दहा ते बारा तिथे रागावलेल्या पोरांचा गट बसतो. ज्या संस्थेतर्फे हे चालतं तिच्या बॅनरवर याचं नाव दोन ओळींचं आहे. गटातला गणराज त्याला 'भडकूंची बॅच' म्हणतो. रविवार यासाठी, की इथल्या पुष्कळ कंपन्यांची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी. आईबाप घरी असतात तेव्हा पोरं शाळेत, पोरं घरी असतात तेव्हा आईबाप लाईनवर. घरात सगळे एकत्र जागे सापडायचे तर दिवाळीची वाट बघावी लागते.

गट घ्यायचं काम विजयश्रीताईंचं. मी नाटकवाली, माझ्याकडे पहिली वीस मिनिटं. पाय आपटणं, ओरडणं, नसलेला दगड नसलेल्या खिडकीवर फेकणं. अंगातली वाफ जरा निघाली की त्या आपली खुर्ची गोलात ओढायच्या आणि म्हणायच्या, "बसा. आता आपलं."

पहिल्या रविवारी नऊ पोरं हाताच्या घड्या घालून बसली होती. त्यांना शाळांनी पाठवलेलं. सोळा वर्षांच्या गणराजनं नोटीस बोर्डाची काच बुक्कीनं फोडली होती आणि हातावरचे सात टाके तो पदकासारखे दाखवायचा. चौदा वर्षांची मोनिका स्वतः कोणाला मारायची नाही, ती असं काही बोलायची की समोरचा मारायला उठायचा. आणि स्वरूपा, पंधराची. तिनं पहिल्या मजल्यावरून वर्गातला बाक खाली ढकलला होता. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि नाव सोडून काही बोलली नाही.

विजयश्रीताईंनी विचारलं, "कोणाकोणाच्या घरातलं माणूस कंपनीत आहे?"

नऊ हात वर.

"नियर मिस म्हणजे काय, सांगा."

"हे काय विचारणं झालं?" गणराज म्हणाला. "पप्पांच्या कंपनीत डबा आहे. ॲक्सिडेंट होता होता वाचला की चिठ्ठी लिहून टाकायची. महिन्याला एकाचा नंबर लागतो, टिफिन मिळतो. आमच्याकडे तीन टिफिन आहेत."

"म्हणजे पप्पा तीनदा वाचले?"

"एकदाच. दोन वेळा बनवून लिहिलं."

पहिल्यांदा हशा झाला. हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या. "तर वरून पाना पडला आणि डोक्यात न बसता पायाशी पडला. लागलं कोणालाच नाही. तरी लिहायचं. कारण आज पायाशी पडला तो उद्या डोक्यात बसेल. आपण इथे तेच करायचं. या आठवड्यात हात उचलला आणि खाली घेतला. वस्तू फेकायला घेतली आणि परत ठेवली. एवढंच सांगायचं. मारलंत, फोडलंत, ते मला नको. ते तुम्हाला सगळे विचारतातच की."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना आजवर ज्यानं त्यानं विचारलं होतं ते फोडलेल्याबद्दल. न फोडलेल्याचा हिशोब कोणी मागितलाच नव्हता.

बऱ्याच वेळानं मोनिका म्हणाली, "मंगळवारी आईला 'मर' म्हणणार होते. 'म'पर्यंत आले. मग म्हटलं, म... मला पोहे दे."

"दिले?"

"दिले. खारट होते. तरी खाल्ले."

"नियर मिस," विजयश्रीताई म्हणाल्या आणि फळ्यावर एक लाल ठिपका काढला. नाव नाही, काही नाही. "आणि एक नियम. खोलीतलं खोलीत."

हा नियम त्यांनीच घातला होता, हे आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात त्या सेफ्टी कमिटीवर होत्या. डबा त्यांनीच उघडायचा. त्यात यंत्रांबद्दल चिठ्ठ्या असायच्या तशा भलत्याही यायच्या. पिंकी नावाच्या शिकाऊ मुलीनं एकदा लिहिलं होतं, 'न जेवता आले, चक्कर आली, बोट मशीनमध्ये जाता जाता राहिलं.' दुसरं कोणी असतं तर 'जेवून येणे' असा शेरा मारून मोकळं झालं असतं. विजयश्रीताई पिंकीच्या खोलीवर गेल्या. घरमालकीण सकाळी सहापर्यंत आपला गॅस पेटवू देत नव्हती आणि कंपनीची बस सव्वापाचला. तिच्याशी बोलल्या, भांडल्या, शेवटी त्यांनी एक स्टोव्ह नेऊन दिला. मग कुठे बोर्डावरचा लाल ठिपका पुसून हिरवा केला. कारण सापडलं, काढून टाकलं, पॉईंट क्लोज. बावीस वर्षांत त्यांनी एकही पॉईंट आठवड्यापेक्षा जास्त ओपन ठेवला नाही. ही एक गोष्ट त्या अभिमानानं सांगतात.

कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, समुपदेशनाचा वर्षाचा कोर्स केला आणि रविवार मिळवला. बाकीचे सहा दिवस कासारवाडीतल्या एका खोलीत. मी एकदा गेले होते. ओट्यावर एक कप, एक ताटली, एक वाटी. माझ्यासाठी त्यांनी वरच्या फळीवरून दुसरा कप काढला, तर त्याच्यावर धूळ. त्यांनी तो दोनदा धुतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वापरात नाही ना."

लग्न झालं होतं. अकरा महिने टिकलं. "तो म्हणाला, शिफ्ट सोड. मी म्हटलं, लाईनवर माझ्याजागी कोण उभं राहील? तो म्हणाला, मग घरात तुझ्याजागी कोण? दोघांनाही उत्तर देता आलं नाही." बस, एवढंच. अजून त्यांना साडेचारला जाग येते. चहा करून गॅलरीत उभ्या राहतात. सव्वापाचला नाशिक फाट्याकडून कंपन्यांच्या बसेस जातात, आत काचेला डोकं टेकून पोरी झोपलेल्या असतात. शेवटची बस गेली की आत येतात. त्यानंतर रविवारपर्यंत बोलायला कोणी नाही. भाजीवाला सोडून.

सातव्या रविवारी स्वरूपा बोलली.

कोणी विचारलंही नव्हतं. मोनिकाचं काहीतरी चाललं होतं आणि मध्येच ही, सगळ्यांच्या डोक्यांवरून भिंतीकडे बघत म्हणाली, "माझा पण आहे एक."

विजयश्रीताई हलल्या नाहीत. "बोल."

"पप्पा फर्स्ट शिफ्ट करून आलेले. झोपलेले. मम्मी कामावर. आल्या आल्या ते सगळ्या चाळीसमोर म्हणाले होते, ही पोरगी मेंटल आहे, हिला गावाकडे पाठवून देतो, शाळा बस झाली. सगळ्या बाया हसल्या." ती थांबली. "मी चहाला पाणी ठेवलं. उकळलं. मग पातेलं पकडीत धरलं आणि त्यांच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. त्यांचं तोंड उघडं होतं. मग मोरीत ओतलं. पायावर थोडं उडालं. एवढंच."

गणराजच्या तोंडून निघालं, "भावा..."

"मी भाऊ नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्यांनी श्वास सोडला. विजयश्रीताई पुढे वाकल्या. "मोरीत कोणी ओतलं?"

"मीच."

"हं," त्या म्हणाल्या. "तूच."

त्यांनी फळ्यावर ठिपका काढला. स्वरूपा त्या ठिपक्याकडे बघत राहिली आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली. (हे मी लिहिते आहे ते तिला वाचून दाखवून. नाव बदल म्हणाली, आणि एक वाक्य काढ म्हणाली. दोन्ही केलं.)

तिथे थांबायला हवं होतं.

बसस्टॉपवर विजयश्रीताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "हा ओपन पॉईंट आहे."

"ताई, संस्थेतल्या डॉक्टरबाईंना विचारू या ना. उद्या असतात त्या."

"त्या मीटिंग लावतील. मीटिंग होईपर्यंत दुसरं पाणी उकळेल."

"पण खोलीतलं खोलीत..."

"मी तिचं नाव कुठे घेणार आहे? पाण्याचं काढणारच नाही. फक्त कारण काढून टाकायचं."

मीही जोर लावला नाही. पिंकीचा स्टोव्ह मला ठाऊक होता. वाटलं, ह्यांना जमतं.

गुरुवारी त्या गेल्या. पुढचं त्यांनी मला नंतर शब्द न शब्द सांगितलं. स्वरूपाचे वडील रविराज, परभणीकडचे, चौदा वर्षं पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपला. बनियनवर बसून बायकोच्या डब्याचं वाकलेलं झाकण हातोडीनं सरळ करत होते. शेजारून खुर्ची मागून आणली.

"बसा ताई. लेकरानं परत काही केलं का?"

"नाही, नाही. चांगली आहे. हुशार आहे."

"हुशार हाय वो. डोकं गरम हाय. माझ्यावर गेली."

"तेच सांगायला आले. चारचौघांत मेंटल म्हणत जाऊ नका तिला. गावाला पाठवायचं बोलू नका."

"मी काय खरंच पाठवायलो का? तोंडातून जातं. शिफ्टवरून आलं की डोकं फिरलेलं ऱ्हातं."

"ते कळतं मला. मी पण शिफ्ट केलीय." इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि दुपारी तुम्ही झोपता तेव्हा ती एकटीच असते ना. त्या वेळी गॅस..."

आणि थांबल्या.

रविराजांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. ज्या माणसानं चौदा वर्षं प्रेसखाली हात घालून काढला आहे त्याला अर्धं वाक्य पुरतं. त्यांनी ओट्याकडे बघितलं, मोरीकडे बघितलं, मग ते दुपारी जिथे अंथरूण टाकतात त्या जागेकडे बघितलं.

"पाय भाजला हुता तिचा. चहा सांडला म्हणाली." आणि थोड्या वेळानं, "मी झोपेत हुतो का?"

विजयश्रीताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"असू द्या, ताई. कळालं."

त्यांनी चहा केला. फाट्यापर्यंत पोचवायला आले. रागाचा एक शब्द नाही. संध्याकाळी मला ताईंचा फोन आला, आवाजात उत्साह. "क्लोज झालं गं. माणूस समजूतदार आहे."

रविवारी माझी वीस मिनिटं चालू असतानाच स्वरूपा दारात येऊन उभी राहिली. चप्पल काढली नव्हती.

"ये," विजयश्रीताई म्हणाल्या.

"पप्पा घरी झोपत नाहीत आता."

पाय आपटणारी पोरं थांबली.

"कामावरून येतात, जेवतात, चटई उचलतात आणि मित्राच्या रूमवर जातात. मला काहीच बोलत नाहीत. मेंटल पण नाही म्हणत. चहा स्वतः करतात. मी ओट्यापाशी गेले की उठून बाहेर जातात." तिचा आवाज चढत नव्हता, त्यामुळे ऐकवत नव्हतं. "कोणी सांगितलं?"

ती आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. गणराजनं दोन्ही हात वर केले. विजयश्रीताई उठून उभ्या राहिल्या.

"मी. मी गेले होते. पाण्याचं मी बोलले नाही, त्यांनी ओळखलं. पण गेले मीच."

"मोरीत ओतलं ते सांगितलं का?"

विजयश्रीताईंनी तोंड उघडलं. आपण काही सांगितलंच नाही अशा समजुतीत त्या परतल्या होत्या. त्यामुळे तेही सांगायचं राहून गेलं होतं.

"नाही."

स्वरूपानं मान हलवली, दुकानात 'संपलंय' म्हटल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी, आणि निघून गेली. कोणी तिच्यामागे धावलं नाही. फाटकाची कडी वाजली.

विजयश्रीताई बसल्या. फळ्याकडे वळून म्हणाल्या, "आज पहिला नियर मिस माझा. मी..."

"मॅडम," गणराज म्हणाला. त्याची नेहमीची टिंगल नव्हती. "हा नियर मिस नाही. ॲक्सिडेंट आहे."

"हो."

"लागलंय त्यात."

"हो, गणराज."

"मग कंपनीत ॲक्सिडेंट झाल्यावर काय करतात?" हे मोनिकानं विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं, त्या खोलीत सगळ्यांनाच होतं. पण ते मॅडमच्या तोंडून यायला हवं होतं तिला.

विजयश्रीताईंनी दिलं. "लाईन थांबवतात. ज्याच्या हातून झालं त्याला लाईनवरून बाजूला घेतात. चौकशी होईपर्यंत."

"मग?"

त्या उठल्या. आपली खुर्ची उचलली. ती लोखंडी घडीची खुर्ची दारातून नेताना चौकटीला अडकली, मी मदतीला उठले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. बाहेर व्हरांड्यात, पोरांच्या चपलांच्या रांगेपलीकडे त्यांनी ती ठेवली आणि बसल्या. दार पोरांनी आतून लोटलं.

डॉक्टरबाईंना त्यांनी त्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं, स्वतःच्या बाजूनं एक शब्द न घालता. गट बंद करू या, असं तिकडून आलं. ते पोरांनी ऐकलं नाही. मोनिका म्हणाली, "बंद का? मॅडम बाहेर बसतील. आत ही ताई बसेल. डॉक्टर बाई पाठवा एक." तसं झालं. आता डॉक्टरबाई येतात आणि मी असते.

विजयश्रीताई मात्र साडेनऊलाच येतात. खोली झाडून खुर्च्या मांडतात. आत अकरा आणि बाहेर एक. फळ्यावरचे ठिपके पुसले जाणार नाहीत असा फळा पुसतात. दहाच्या ठोक्याला बाहेर.

बाहेर बसायच्या पहिल्या रविवारी शाळेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या केसरबाई, कुरुळीतल्याच जुन्या, सुपात लसूण घेऊन व्हरांड्यात आल्या.

"बाई, तुमी भाईर कशापायी? आत बसा की."

"मला बाहेर काढलंय."

"कुनी?"

"पोरांनी."

"काय केलंत?"

"बोलले. जिथे बोलायचं नाही तिथे."

केसरबाईंनी विचार केला. "व्हय? मग बरं केलं त्यांनी. मलाबी सुनंनं त्याच्याच पायी भाईर ठिवलीया. सरका जरा." आणि शेजारी बसून लसूण सोलायला लागल्या.

आतले आवाज व्हरांड्यात ऐकू येतात हे दुसऱ्या रविवारी विजयश्रीताईंच्या लक्षात आलं. त्यांनी खुर्ची उचलून टोकाला, नळाच्या बाजूला नेली. मी मध्यंतरात पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी परत जाऊ का त्यांच्या घरी? एकच वाक्य सांगून येते. तिनं ओतून दिलं, एवढंच. दोन मिनिटांचं काम."

मी काही म्हणायच्या आत त्यांनीच मान हलवली. "नाही. तिचं आहे ते."

आठवडाभर त्या गेल्या नाहीत. एवढं लिहिलं तर सोपं वाटतं. गुरुवारी, रविराजांच्या सुट्टीच्या दिवशी, त्या नाशिक फाट्यावरून चाकणच्या बसमध्ये चढल्या होत्या. मोशीला उतरल्या. समोरच्या स्टॉपवरून परत आल्या. हेही त्यांनीच सांगितलं.

चौथ्या रविवारी, दहाला पाच मिनिटं असताना फाटकाशी मोटारसायकल थांबली. मागे स्वरूपा. पुढे रविराज, डोळे लाल, कंपनीचा शर्ट अंगात तसाच, थर्ड शिफ्ट करून सरळ आलेले. स्वरूपा उतरली, विजयश्रीताईंच्या खुर्चीसमोरून गेली, चप्पल काढली, आत गेली. बघितलं नाही.

विजयश्रीताई उठून उभ्या होत्या. "बसा," त्यांनी आपली खुर्ची पुढे केली.

"नको ताई, इथं बरं हाय." रविराज पायरीवर खांबाला टेकून बसले.

दार लागलं. आत काय झालं ते मी लिहिणार नाही. बाहेर काय झालं ते केसरबाईंकडून कळलं. काहीच झालं नाही. दोघं दोन टोकांना बसून राहिली. एकदा रविराज म्हणाले, "ऊन वाढलं," आणि विजयश्रीताई म्हणाल्या, "हो." मग पाचच मिनिटांत त्या माणसाची मान खांबावर कलली. तोंड उघडं पडलं. केसरबाई म्हणाल्या, घोरत होता.

बाराला मी दार उघडलं. पोरं ओरडत बाहेर आली आणि झोपलेला माणूस बघून आपोआप हळू झाली. गणराजनं चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर गेला. सगळ्यात शेवटी स्वरूपा आली. ती पायरीपर्यंत गेली आणि वडिलांच्या डोक्याशी उभी राहिली.

विजयश्रीताई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या कडेवर घट्ट होते. उठावं की नको, असं झालेलं मला दिसत होतं. उठल्या नाहीत.

स्वरूपा किती वेळ उभी होती सांगता येणार नाही. मग तिनं म्हटलं, "पप्पा."

रविराज दचकले आणि जागे होण्याआधीच त्यांचा हात तोंडावर आडवा आला. कोपर वर, डोळे झाकलेले.

तिनं ते बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. ती एक पायरी मागे सरकली, आणि तो हात खाली येईपर्यंत थांबली. हळूहळू आला. रविराजांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. हातांत फक्त चपला होत्या.

"झालं का?" ते म्हणाले.

"झालं. चला."

ते गाडी काढायला गेले. स्वरूपा चप्पल घालायला वाकली, पट्टा लावता लावता जमिनीकडे बघत म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. मोरीचं."

पट्टा लागला होता तरी ती वाकलेलीच राहिली, क्षणभर. पुढचा प्रश्न यायची ती जागा होती. काय म्हणाले? झोपले का मग घरी? आता कसं वाटतं? विजयश्रीताईंच्या ओठांची हालचाल मला दिसली.

"बरं," त्या म्हणाल्या.

स्वरूपा सरळ झाली, धावत गेली, गाडीवर बसली. बसताना वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला की सीटच्या मागच्या दांडीला धरलं, ते फाटकाच्या खांबामुळे दिसलं नाही.

गणराज मागे रेंगाळला होता. विजयश्रीताई खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होत्या. "मॅडम," तो म्हणाला, "तुमची इन्क्वायरी चालू आहे अजून."

"चालू दे, राजा. घाई नाही."

"लांबणार जरा."

"लांबू दे."

त्यानं दोन खुर्च्या एकदम उचलून भिंतीला लावल्या आणि पळाला.

बसमध्ये आम्हाला शेजारची जागा मिळाली. चिंबळी फाटा गेला, मोशी गेलं. खोलीत स्वरूपा काय बोलली, वडील काय म्हणाले, आता घरी झोपतात की नाही, यातलं सगळं मला माहीत होतं. विजयश्रीताईंना माहीत होतं की मला माहीत आहे. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, अंगठा पहिल्या बोटावर दाबत, सोडत, दाबत. भोसरीला त्या माझ्याकडे वळल्या. आता विचारणार, असं वाटलं.

"तिकीट काढलंस का?"

"काढलं, ताई. दोन्ही."

"बरं," म्हणाल्या, आणि परत खिडकीकडे वळल्या. नाशिक फाट्याला उतरल्या. पुलाखालून कासारवाडीच्या बाजूला चालत गेल्या, हातात रिकामी पिशवी, रविवारची दुपार, आणि पुढचा रविवार यायला पूर्ण आठवडा होता.